मैदानातलं भाषण आणि सकाळचा पेपर

गेल्या अंकात मी १८४८ सालच्या एका फोटोबद्दल लिहिलं होतं. लंडनच्या दक्षिणेला केनिंग्टन कॉमन नावाचं माळरान, त्यावर भरलेली चार्टिस्टांची सभा, आणि विल्यम किलबर्न या फोटोग्राफरने धातूच्या पत्र्यावर टिपलेली तिची छबी. पुरुषमात्राला मताधिकार, गुप्त मतदान, खासदारांना पगार अशा सहा मागण्यांची सनद (चार्टर) या लोकांनी १८३८ साली मांडली होती, म्हणून ते चार्टिस्ट. त्या मजकुरावर आलेल्या पत्रांत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (१८३७ ते १९०१) मैदानी सभांबद्दल बरेच प्रश्न आहेत. त्यातले काही इथे घेते.

प्रश्न : माईक नव्हता, कर्णे नव्हते. मग वीस-वीस हजार माणसांना भाषण ऐकू कसं जायचं? (एक निवृत्त शिक्षिका, मिरज)

जायचं नाही. पुढच्यांना नीट, मधल्यांना तुटक तुटक, आणि मागच्यांच्या वाट्याला फक्त वक्त्याचे हातवारे. हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असायचं आणि ऐकणाऱ्यालाही. मागे उभं राहणाऱ्याला वाचायला फलक असत, ऐकायला बँड असे, आणि पुढे टाळ्या पडल्या की तोही टाळ्या वाजवी.

मोठ्या सभेत मंच एकच नसे. मैदानात जागोजागी शेतगाड्या किंवा लाकडी मंच उभे करायचे, प्रत्येकावर वेगळे वक्ते ठेवायचे, आणि ठराव मात्र सगळीकडून एकदम मांडायचा. ६ मे १८६७ च्या हाईड पार्कमधल्या सभेला असे दहा मंच होते. पुढे, राणी गेल्यानंतर, १९०८ साली स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्याच बागेत सभा झाली तेव्हा मंच वीस होते आणि ठरावाची वेळ झाल्याचं बिगुल वाजवून कळवलं गेलं.

आवाजाची निगा राखायची तऱ्हा ज्याची त्याची. ग्लॅडस्टन भाषणाच्या वेळी जवळ एक छोटं भांडं ठेवत, त्यात शेरीत फेटलेलं अंडं असे. २८ ऑक्टोबर १८७१ रोजी ते ब्लॅकहीथच्या माळावर उभे राहिले, तेव्हा त्यांना या रसायनाची गरज पडली असणार. ते पंतप्रधान होते आणि ग्रिनिच हा त्यांचा मतदारसंघ. जवळच्या डेप्टफर्ड आणि वुलिच इथल्या सरकारी गोद्या १८६९ साली बंद पडलेल्या, कामगार बेकार झालेले. सुरुवातीला नुसती हुर्यो. बोडक्या डोक्याने हा बासष्टीला टेकलेला माणूस जवळजवळ दोन तास बोलत राहिला आणि सभा संपेपर्यंत माळ त्याच्या बाजूला आला होता. पाच वर्षांनी, सप्टेंबर १८७६ मध्ये, बल्गेरियातल्या तुर्की अत्याचारांवर ते त्याच माळावर भर पावसात बोलले.

पण मिरजेच्या बाई, खरं भाषण पोचायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी विधानमंडळात प्रतिवेदक होते, लघुलिपीच्या वह्यांत नोकरी सरली, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे आणि इथे मी जरा जास्त जागा खाणार.

आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी प्रसिद्ध केली १८३७ साली, म्हणजे राणी गादीवर आली त्याच वर्षी. १८५५ साली वर्तमानपत्रांवरचा स्टँप कर उठला, १८६१ साली कागदावरचा कर उठला, आणि पेपर गरिबालाही परवडेल इतका स्वस्त झाला. १८६८ साली प्रांतोप्रांतीच्या पेपरवाल्यांनी मिळून प्रेस असोसिएशन ही बातमीसंस्था काढली, १८७० साली तारखातं सरकारी टपालखात्याकडे आलं. या सगळ्याची बेरीज अशी की रात्री मँचेस्टरला केलेलं भाषण सकाळी न्याहारीच्या वेळी एडिंबराला वाचता येऊ लागलं. वक्ता समोरच्या गर्दीकडे बघून बोलायचा खरा, पण त्याचं लक्ष मंचाखालच्या टेबलावर असे, जिथे चार-सहा माणसं मान खाली घालून लिहीत असत.

ती माणसं आळीपाळीने लिहीत. एकाने काही मिनिटं उतरवून घ्यायचं, लगेच उठून ते साध्या लिपीत उतरवायचं, तोवर दुसऱ्याने वही पुढे ओढायची. तयार झालेली पानं पोरं तारघराकडे पळवत नेत. आम्हीही सभागृहात याच पद्धतीने काम केलं, फक्त आमच्या डोक्यावर छत होतं. चार्ल्स डिकन्स तरुणपणी हेच काम करत. व्हिक्टोरिया गादीवर येण्याआधी दोन वर्षं, १८३५ च्या निवडणुकीत, एक्झिटरच्या किल्ल्याच्या आवारात लॉर्ड जॉन रसेल यांचं भाषण उतरवून घेताना असा पाऊस कोसळत होता, आणि आजूबाजूला अशी मारामारी चालली होती, की रिकाम्या असलेल्या दोन सोबत्यांनी त्यांच्या वहीवर हातरुमाल ताणून धरला. तीस वर्षांनी पत्रकारांच्या मेजवानीत त्यांनी स्वतःच ही आठवण सांगितली. भिजलेल्या कागदावर पेन्सिल कशी घसरते, हे ज्याने लिहिलंय त्यालाच कळेल.

आता एक गोष्ट जिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. मोठ्या पुढाऱ्याचं भाषण शब्दन् शब्द छापत, तेही ‘मी’ असं प्रथमपुरुषी. किरकोळ वक्त्याचं मात्र ‘ते म्हणाले की’ करून आटोपत. आणि मधेमधे कंसात (टाळ्या), (हशा), (प्रचंड टाळ्या), (निषेधाचे आवाज) असं असायचं. आम्हीही कंसात (हशा) आणि (अडथळा) लिहीत आलो. मैदानावर नसलेल्या लाखो वाचकांना लोकमत कळायचं ते या कंसांतून. टाळ्या नुसत्या होत्या की प्रचंड, हे ठरवणारा माणूस एकच, आणि त्याच्या हातात पेन्सिल होती. तो कुठल्या पक्षाच्या पेपरकडून आलाय त्यावर टाळ्यांचा जोर कमीजास्त व्हायचा. जुने पेपर चाळताना मी भाषण नंतर वाचते, आधी हे कंस बघते.

ग्लॅडस्टन यांनी ही व्यवस्था पुरेपूर वापरली. २४ नोव्हेंबर १८७९ रोजी ते लिव्हरपूलहून गाडीने स्कॉटलंडला निघाले, एडिंबराजवळच्या मिडलोदियन मतदारसंघात प्रचाराला. कार्लाइल, हॉविक, गॅलशील्स, जिथे गाडी थांबली तिथे लोक जमले आणि हे बोलले. एडिंबराच्या वेव्हर्ली मार्केटमध्ये सुमारे वीस हजार माणसं कोंबली गेली होती. तो छत असलेला बाजार, म्हणजे ही सभा मैदानी नव्हे, पण तिथली हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही : घेरी आलेल्या माणसांना बाहेर न्यायला वाट नव्हती, म्हणून गर्दीने त्यांना डोक्यांवरून हातोहात पुढे सरकवत बाहेर काढलं. दौरा संपल्यावर ग्लॅडस्टन यांनी रोजनिशीत हिशेब मांडला : भाषणं सुमारे तीस, श्रोते ८६,९३०. सत्त्याऐंशी हजार म्हणून मोकळे झाले असते तर कोणी विचारलं नसतं. पण पूर्वी अर्थमंत्री होते ना.

राणीला हा सगळा प्रकार अजिबात पसंत नव्हता. तिच्या मंत्र्यांनी फलाटावरून गर्दीशी बोलावं हे तिला हलकं वाटे.

प्रश्न : तुमच्या त्या फोटोत माणसं नक्की किती होती? एका ठिकाणी दीड लाख वाचलं, दुसरीकडे पंधरा हजार. (एक वाचक, नाशिक)

दोन्ही आकडे तेव्हाच्याच दाव्या-प्रतिदाव्यांचे वारसदार आहेत. तारीख १० एप्रिल १८४८. त्या वर्षी फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळून गेला होता, त्यामुळे लंडनच्या सरकारचं धाबं दणाणलेलं. राणी नुकतीच बाळंत झालेली, तिला मुलाबाळांसह आइल ऑफ वाइट बेटावर हलवलं. राजधानीच्या बंदोबस्ताची आखणी म्हाताऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे. हजारो नागरिकांना तात्पुरते शिपाई म्हणून शपथ दिली, त्यांत पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनही होता.

चार्टिस्टांचे पुढारी फर्गस ओकॉनर म्हणाले, मैदानात चार लाखांवर लोक होते. पंतप्रधान रसेल यांनी राणीला कळवलं, बारा ते पंधरा हजार. काही इतिहासकार आज दीड लाखाच्या आसपास जातात. माझं मत विचाराल तर एक ढोबळ हिशेब करा. एका एकरात चार हजारांवर चौरस मीटर. दाटीवाटीने, चौरस मीटरला दोन माणसं धरली तर एकरी आठ हजार. चार लाखांना पन्नास एकर ठासून भरावे लागतील. फोटोत तर मोकळी जागा दिसते. पण फोटो घेतला ती वेळ सभेच्या ऐन भराची होती का, हे फोटो सांगत नाही.

माणसांपेक्षा सह्यांची फजिती मोठी झाली. सनदेच्या मागण्यांचा लाखो सह्यांचा अर्ज सभेनंतर मिरवणुकीने पार्लमेंटला न्यायचा बेत होता. पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांनी ओकॉनरना मैदानाशेजारच्या खानावळीत बोलावून सांगितलं : सभा घ्या, पण पूल ओलांडून मिरवणूक न्यायची नाही. तेव्हा तो अजस्र अर्ज भाड्याच्या तीन घोडागाड्यांत घालून पार्लमेंटकडे रवाना झाला. ओकॉनरांचा दावा सत्तावन्न लाख सह्यांचा. सभागृहाच्या कारकुनांनी मोजल्या : १९,७५,४९६. त्यांत ‘व्हिक्टोरिया रेक्स’ होती (रेक्स म्हणजे राजा, राणी नव्हे), ड्यूक ऑफ वेलिंग्टन अनेकदा होता, बाहुल्यांच्या खेळातला ‘मिस्टर पंच’ होता. पेपरवाल्यांनी आठवडाभर खिदळून घेतलं. त्या हसण्यात एक गोष्ट दबून गेली, ती म्हणजे एकोणीस लाख हाही आकडा तेव्हाच्या एकूण मतदारांपेक्षा जास्त होता.

सरकारने पुढे ते मैदानच कुंपण घालून बाग करून टाकलं. फुलझाडं लावली की सभा होत नाही, हा शोध जुना आहे.

प्रश्न : या लोकांना मतच नव्हतं. मग त्यांच्या सभेला, त्यांच्या ओरडण्याला कोण विचारत होतं? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

इथेच गंमत आहे. मत नसलेल्या माणसाला निवडणुकीत एक कायदेशीर जागा होती आणि ती उघड्यावर होती. १८७२ पर्यंत ब्रिटिश निवडणूक दोन टप्प्यांत होई. पहिल्या दिवशी चौकात लाकडी मंच बांधत, उमेदवार त्यावर चढून भाषण करत, आणि समोर जमलेल्या सगळ्यांनी हात वर करायचे. सगळ्यांनी म्हणजे खरंच सगळ्यांनी, मतदारयादीत नाव असो वा नसो. अधिकारी जाहीर करी की हात अमक्याच्या बाजूने जास्त. मग हरलेला उमेदवार म्हणे, मतदान घ्या. दुसऱ्या टप्प्यात फक्त यादीतले लोक येत आणि मोठ्याने नाव घेऊन मत देत. कोणी कोणाला दिलं याची वही छापून विकली जाई. घरमालक आणि जमीनदार ती वही चवीने वाचत असणार.

चार्टिस्टांनी पहिला टप्पा बरोबर हेरला. डेव्हन परगण्यात टिव्हर्टन नावाचं गाव आहे, तिथून पुढे पंतप्रधान झालेले पामर्स्टन वर्षानुवर्षं निवडून येत. १८४७ साली ते परराष्ट्रमंत्री असताना जॉर्ज ज्युलियन हार्नी हा चार्टिस्ट त्यांच्यासमोर उभा राहिला. चौकात दोघांची लांबलचक भाषणं झाली. देशाच्या परराष्ट्रमंत्र्याला आपल्या धोरणाचा हिशेब एका फाटक्या संपादकापुढे आणि गावकऱ्यांपुढे द्यावा लागला. हात वर झाले ते हार्नीच्या बाजूने. पामर्स्टननी मतदान मागितलं, हार्नीने दुसऱ्या टप्प्यात उतरायचंच नाकारलं. जनतेने मला निवडलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा, हा त्याचा पवित्रा.

त्याच गावात रॉक्लिफ नावाचा कसाई होता, पक्का जहाल. दर निवडणुकीला तो मंचासमोर उभा राहून पामर्स्टनना आडवेतिडवे प्रश्न विचारी आणि पामर्स्टन हसत हसत त्याला टोले देत. पुढे पुढे लोक त्या दोघांची जुगलबंदी ऐकायला येऊ लागले. मटण विकणारा माणूस मंत्र्याला नावाने हाक मारून जाब विचारतोय आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतंय, असा प्रसंग मला आपल्याकडच्या प्रचारसभेत फारसा दिसलेला नाही. आपल्याकडे प्रश्नाची चिठ्ठी आधी मंचामागे जाते.

१८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आलं. पहिली गुप्त पोटनिवडणूक १५ ऑगस्ट १८७२ रोजी यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्टला झाली. गाव ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून मतपेटीवर लाखेचं सील करायला गोळ्यांवर उमटवायचा शिक्काच वापरला. ती पेटी अजून तिथल्या संग्रहालयात आहे. गुप्त मतदान हवंच होतं, यात वाद नाही. पण त्याच कायद्याने चौकातला तो पहिला टप्पाही संपला, आणि ज्यांना मत नव्हतं त्यांचा वर केलेला हात मोजणारं कोणी उरलं नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षी ज्यांना मत नव्हतं त्यांची सर्वांत सुंदर सभा झाली. ७ फेब्रुवारी १८७२, वॉरिकशरमधलं वेल्सबोर्न. शेतमजुरांना आठवड्याला बारा शिलिंगांच्या आसपास मजुरी मिळायची. जवळच्या बारफर्ड गावचा जोसेफ आर्च, कुंपणं छाटण्यात तरबेज आणि मेथडिस्ट पंथाचा हौशी प्रवचनकार, याला काही मजुरांनी घरी येऊन बोलावलं. त्याला वाटलं, खानावळीत वीस-तीस माणसं असतील. जाऊन बघतो तर गाव माणसांनी फुललेलं. रात्र ओली आणि काळोखी. चेस्टनटच्या मोठ्या झाडाखाली कोणीतरी डुकरं कापायचा बाक आणून ठेवला, आर्च त्यावर चढला. घेवड्याच्या वेलांना आधार द्यायच्या काठ्यांवर लोकांनी कंदील टांगून धरले. त्याच्या अंदाजाने दोन हजारांच्या जवळपास माणसं होती. माईक नव्हता म्हणून काही अडलं नाही. प्रार्थनासभांनी आर्चचा घसा तयार केला होता आणि तो मजुरांच्याच बोलीत बोलत होता. त्या रात्री संघटनेची नावनोंदणी सुरू झाली, काही आठवड्यांत मजुरांनी सोळा शिलिंग मागून संप केला, आणि वर्षाच्या आत शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८८४ साली खेड्यातल्या मजुराला मत मिळालं. १८८५ साली आर्च पार्लमेंटात गेला, तोही नॉरफोकच्या अशा मतदारसंघातून ज्यात युवराजांचा सँडरिंगहॅमचा वाडा येत होता.

तेव्हा, लातूरचे चिरंजीव, उत्तरपत्रिकेत ‘१८८४ चा तिसरा सुधारणा कायदा’ लिहाल तिथे एक ओळ त्या बाकासाठी ठेवा.

आकड्यांचं अजून एक. मिडलोदियनच्या त्या दौऱ्यात ग्लॅडस्टन यांना ऐकायला ८६,९३० आले, पण १८८० मध्ये त्या मतदारसंघात त्यांना मतं पडली १,५७९ आणि विरोधी अर्ल ऑफ डॅल्कीथ यांना १,३६८. ऐकणारे कोण होते हे यावरून कळतं.

प्रश्न : सभेत अंडी फेकत असत, हे खरं का? (नाव नाही, पत्ता नाही)

खरं. अंडी, बटाटे, क्वचित मेलेली मांजरं. पण मला आवडतो तो किस्सा बंदिस्त सभेतला आहे. १८६५ साली जॉन स्टुअर्ट मिल वेस्टमिन्स्टरमधून उभे होते. आपल्या देशातले कामगार खोटं बोलायला लाजत असले तरी बहुधा खोटारडेच असतात, असं त्यांनी एका पुस्तिकेत लिहून ठेवलं होतं. विरोधकाने ते वाक्य छापून कामगारांच्या सभेत आणलं आणि विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का? मिल म्हणाले, ‘लिहिलं.’ क्षणभरात टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर ऑजर नावाचे कामगार पुढारी उठून म्हणाले की आमचे दोष आम्हाला सांगणारी माणसं हवीत, खुशमस्करे नकोत. मिल निवडून आले. हा प्रयोग हल्ली कोणी करून बघू नये.

प्रश्न : हाईड पार्कच्या स्पीकर्स कॉर्नरवर कोणीही काहीही बोलू शकतो. हा हक्क ब्रिटिशांनी लोकांना कधी दिला? (एक जोडपं, ठाणे, मुलगा लंडनला)

दिला नाही, घेतला गेला, आणि मग सरकारने त्याला चौकट बसवली. १८५५ साली रविवारच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध लोक बागेत जमले. श्रीमंतांच्या बग्ग्या तिथे फिरत, त्यांना बघून ‘चर्चला जा!’ असं ओरडायचं, हाच कार्यक्रम. विधेयक मागे घेतलं गेलं.

२३ जुलै १८६६ रोजी मताधिकारासाठी झगडणारी रिफॉर्म लीग आली. गृहमंत्री स्पेन्सर वॉलपोल यांनी दारं बंद ठेवायला लावली. लीगचे अध्यक्ष एडमंड बील्स बॅरिस्टर होते. त्यांनी दाराशी रीतसर प्रवेश मागितला, नकार ऐकला आणि ट्रॅफल्गार चौकाकडे निघून गेले. मागे राहिलेली गर्दी कठड्याला टेकली होती. कठडा हलतो आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आलं, मग सगळ्यांनी मिळून हलवला, आणि लांबच लांब लोखंडी कठडा आडवा झाला. दगडफेकीत आयुक्त मेन स्वतः जखमी झाले. पुन्हा बागेत घुसायचं असं लीगवाले म्हणू लागले, तेव्हा खासदार झालेले मिल त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले की क्रांती हवीच असेल आणि ती पार पाडायची ताकद असेल, तरच हे करा. लीग त्या वेळी थांबली. पण मे १८६७ मध्ये, बंदीची नोटीस लागलेली असताना, दहा मंचांची ती सभा झालीच. सरकारने पोलीस आणि फौज तयार ठेवली आणि काहीच केलं नाही. वॉलपोल यांना राजीनामा द्यावा लागला. ऑगस्टमध्ये दुसरा सुधारणा कायदा झाला आणि मतदार जवळपास दुप्पट झाले. १८७२ च्या बागांच्या कायद्याने ठरलेल्या जागी बोलायला मुभा मिळाली.

ट्रॅफल्गार चौकात तेवढं सरळ झालं नाही. १३ नोव्हेंबर १८८७ च्या रविवारी बंदी मोडून आलेल्या मोर्चांना पोलिसांनी आणि घोडदळाने झोडपलं. जॉन बर्न्स आणि खासदार कनिंगहॅम ग्रॅहम यांना सहा आठवड्यांची कैद झाली. चौक पुन्हा सभांना खुला झाला १८९२ साली, तोही शनिवार दुपार, रविवार आणि सुट्टीचे दिवस. मुलाला सांगा, बघून ये, पण बाग बघून झाल्यावर क्लर्कनवेल ग्रीनलाही जा. जहाल लोकांचा तो जुना अड्डा.

प्रश्न : बायका या सभांत कुठे होत्या? (वाचक, पणजी)

गर्दीत सुरुवातीपासून. वेल्सबोर्नच्या झाडाखालीही होत्या. मंचावर कमी, पण १८८७ च्या त्या रविवारी क्लर्कनवेल ग्रीनवरून निघालेल्या मोर्चात ॲनी बेझंट होत्या, आणि पोलिसांना मला अटक करा म्हणून विनवत होत्या. पोलिसांनी केली नाही. पुढच्या वर्षी काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींच्या संपात त्यांचं नाव झालं, आणि १९१६ साली होमरूल लीग काढणाऱ्या बेझंटबाई त्याच.

ग्लॅडस्टन यांनी २६ नोव्हेंबर १८७९ रोजी डॅल्कीथला स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं होतं. मत नसलेल्या त्या श्रोत्यांना त्यांनी सांगितलं की अफगाणिस्तानच्या डोंगरी खेड्यांत, हिवाळ्याच्या बर्फात जगणाऱ्यांचा जीव देवाच्या नजरेत तुमच्या जिवाइतकाच पवित्र आहे. त्या वेळी हिंदुस्थानातून गेलेली फौज अफगाणिस्तानात लढत होती.

प्रश्न : या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध? (वाचक, गिरगाव)

सरळ संबंध आहे. अफगाण युद्ध आणि १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, दोन्ही व्हाइसरॉय लॉर्ड लिटनची करणी. ग्लॅडस्टन यांनी तो कायदा पार्लमेंटात टीकेला घेतला होता. १८८० मध्ये ते जिंकले, लिटन गेले, रिपन आले, आणि १८८२ साली कायदा रद्द झाला. ‘केसरी’चा पहिला अंक जानेवारी १८८१ चा आहे, म्हणजे कायदा पुस्तकात असतानाच निघालेला.

पुण्यात लोकमत मोजायची तऱ्हा वेगळी होती. सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागे. पंच्याण्णव सभासद, सहा हजारांवर सह्या. केनिंग्टनचा ‘मिस्टर पंच’ इथे शिरला नसता.

१८८५ च्या निवडणुकीआधी ब्रिटिश मतदारांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडायला तीन जण विलायतेला गेले : कलकत्त्याचे मनमोहन घोष, मद्रासचे रामस्वामी मुदलियार आणि मुंबईहून ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादक नारायण गणेश चंदावरकर. तिघांनी शहरोशहरी भाषणं केली, लोकांनी आदराने ऐकली, आणि निवडणूक आयर्लंडच्या प्रश्नावर गेली. डेप्टफर्डमधून उभे असलेले लालमोहन घोष पडले. चंदावरकर पुढे १९०० साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि नंतर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती.

दादाभाई नौरोजी १८८६ साली होबर्नमध्ये हरले. नोव्हेंबर १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्झबरी एडिंबराच्या सभेत बोलून गेले की ब्रिटिश मतदारसंघ अजून काळ्या माणसाला निवडून देण्याइतका पुढे गेलेला नाही. हेही वाक्य सकाळी सगळीकडे छापून आलं, आणि तोवर ज्यांनी दादाभाईंचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ते ऐकलं. १८९२ साली दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून उभे राहिले. क्लर्कनवेल त्याच मतदारसंघात. त्यांना २,९५९ मतं पडली, प्रतिस्पर्ध्याला २,९५६. फेरमोजणीत फरक तीनाचा पाच झाला.